जॅकप्लेट का बसवली, याचा खुलासा

टँडी क्रीक, टेनेसी
९ ऑगस्ट

प्रिय व्हर्नाताई हिला धाकटा भाऊ एल्डन याचा आदरपूर्वक नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मांजर अजून आहे का? (असेल तर आनंद झाला असं समज, नसेल तर वाईट वाटलं असं समज. पत्राला उत्तर यायला किती दिवस लागतील ते मला माहीत नाही, म्हणून दोन्ही आत्ताच कळवून टाकतो.) ओहायोत उन्हाळा बरा असेल. इकडे कुत्रीसुद्धा दुपारी सावली बदलायला उठत नाहीत. तुझी भावजय नॅडीन हिची तब्येत उत्तम आहे. माझी तब्येत नॅडीन म्हणेल तशी आहे. सध्या ती 'जेमतेम' म्हणते.

आर्डिथनं तुला फोन केला होता हे मला कळलं. आर्डिथ आपली मावसबहीण खरी, पण या जिल्ह्याचं वर्तमानपत्रही तीच. फरक एवढाच की वर्तमानपत्र सोमवारी जरा पातळ असतं, आर्डिथ कधीच नसते. तिनं तुला सांगितलं की एल्डन ड्वाइटची ती लाल बोट दुरुस्त करतोय, तिला नवं इंजिन लावतोय आणि वर शौक म्हणून हायड्रॉलिक जॅकप्लेट बसवतोय. त्यावर तू म्हणे असा फोन आपटलास की आर्डिथच्या उजव्या कानात अजून शिट्टी वाजते. ताई, आयुष्यात पहिल्यांदा आर्डिथनं तिखटमीठ न लावता बातमी दिली, आणि नेमकी तीच तुला खोटी वाटावी अशी होती. पण खरी आहे. फक्त 'शौक म्हणून' एवढं सोड.

ज्या बोटीतून तुझा जॅरेड गेला तीच ही बोट, हे मी विसरलेलो नाही. केटल कड्याच्या वळणावर बोट एकदम गर्रकन फिरली, बावीस वर्षांचा पोरगा बाहेर फेकला गेला आणि चालवत त्याचा बाप ड्वाइट होता, हेही विसरलेलो नाही. त्यानंतर चाळीस दिवसांत तू ड्वाइटला सोडून ओहायोला गेलीस, आणि धरणावर पोलिसाचं काम करणाऱ्या पाणी-वॉर्डनच्या अहवालावरून ड्वाइट अकरा महिने तुरुंगात जाऊन आला. एकोणीस वर्षं ती बोट त्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. तिला कुणी हात लावू नये अशी तुझी इच्छा होती, माझीही होती. (माझी तुझ्यापेक्षा जास्त होती. ते पुढे.)

झालं असं. फेब्रुवारीत एका सकाळी ड्वाइट माझ्या दारात उभा राहिला. नाकात नळी, मागे चाकांवर ऑक्सिजनचं नळकांडं. बाजारहाटाला निघालेल्या म्हातारीसारखा ते ओढत आला. त्याची फुप्फुसं संपली आहेत. डॉक्टरांनी सहा महिने दिले होते. मी म्हटलं, डॉक्टर लोक नेहमी कमीच सांगतात, तर म्हणाला, नाही, हा डॉक्टर उदार आहे, माझ्याआधी तिघांना त्यानं जास्त सांगितले होते. मग कॉफी पिता पिता म्हणाला, "एल्डन, ती एकदा पाण्यात घालायची आहे. मला केटल कड्यापर्यंत जायचंय. त्याच्या पुढे नाही."

मी त्याला समजावून पाहिलं. म्हटलं, चर्चची ती चपटी बोट मागून घेतो, तिला छत आहे, बसायला गाद्या आहेत, सरबत ठेवायला जागा आहे. त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "त्या वळणावर मी सरबत पीत जाऊ?" मी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. तुझ्याकडे यावर उत्तर असतं तर तू दिलं असतंस, पण तू त्याच्याशी बोलत नाहीस.

तर बोट आणली. जुन्या इंजिनात उंदरांच्या इतक्या पिढ्या नांदून गेल्या होत्या की ते उघडताना आपण कुणाचं तरी वडिलोपार्जित घर पाडतोय असं वाटलं. ते गेलं भंगारात. नवं इंजिन आलं, आणि तिथून माझे ग्रह फिरले. क्लोव्हिस मीकर तुला आठवत असेल. उतारावर जिथून बोटी पाण्यात सोडतात तिथं पत्र्याखाली इंजिनं दुरुस्त करतो तो. हा माणूस माणसांशी बोलत नाही, त्यांच्या इंजिनांशी बोलतो, आणि त्यांच्याशीही शिव्याच देतो. तो आला, बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला की नवं इंजिन जुन्यापेक्षा शंभर पौंडांनी जड आहे, त्याची उंची या बोटीला जुळत नाही, आणि यंदा धरणाचं पाणी इतकं खाली आहे की उतारावरच इंजिनाचा पंखा खडकाला लागेल. उपाय एकच, जॅकप्लेट. म्हणजे काय, तर बोटीची मागची फळी आणि इंजिन यांच्यामध्ये एक लोखंडी सांगाडा बसवायचा. त्यात तेलाच्या दाबावर चालणारा जॅक असतो. बटण दाबलं की अख्खं इंजिन सहा इंच वर, बटण दाबलं की खाली. (आपल्या आईची ती खुर्ची आठव, तिला उठवून उभं करणारी. ती शेवटी शेवटी आईला उठवण्याऐवजी फेकायची, ती गोष्ट वेगळी.) मला ती कल्पना दुसऱ्याच कारणानं पटली. ड्वाइटला आता दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. पण अंगठ्यानं बटण दाबायला श्वास लागत नाही.

आता प्लेट बसवायची तर ती ज्या फळीवर बसवायची ती फळी हवी. क्लोव्हिसनं हातोडीच्या दांड्यानं मागून ठोकून पाहिलं. टक, टक, टक, थप. जिथं 'थप' झालं तिथं तो थांबला आणि डॉक्टर घरच्यांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. "ही फळी नाही," तो म्हणाला, "ओला केक आहे. यावर इंजिन आणि प्लेट टांगलीस तर पहिल्या झटक्याला इंजिन, प्लेट आणि बोटीचं ढुंगण तळाशी जाईल. पुढचा अर्धा भाग तू घरी घेऊन ये." म्हणून आम्ही ती कापली. व्हर्नाताई, मी बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली, करवत कधी चालवली नाही. आतून जे निघालं ते लाकूड होतं असं बायबलवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. काळा लगदा, आणि त्यात मुंग्यांचं एक सुखी संस्थान. मी फावड्यानं काढत होतो, आणि ड्वाइट उलट्या बादलीवर बसून बघत होता.  नळकांडं तेवढं सुसूसू करत होतं.

मग नवी फळी, तिच्यावर काचेच्या धाग्यांचं कापड, तिच्यावर राळ, पुन्हा कापड, पुन्हा राळ. सुकलं की घासायचं. घासलं की काचेची धूळ उडते, आणि ती माणसाच्या अंगात अशा ठिकाणी शिरते की ज्यांची नावं मी मोठ्या बहिणीला लिहू शकत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये ती खाज अशी उठली की मी बाकावर बसल्या बसल्या हिसके द्यायला लागलो. पाद्रीबुवांना वाटलं, अखेर एल्डन प्रुइटवर पवित्र आत्मा उतरला. त्यांनी भजन थांबवलं, खाली आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि दोनशे माणसं 'हालेलुया' म्हणत उभी राहिली. अशा वेळी 'नाही हो, खाज आहे' असं म्हणायला जी नैतिक ताकद लागते ती माझ्यात नाही. (ती माझ्यात कधीच नव्हती. तेही पुढे.) मी डोळे मिटून घेतले आणि रडलो. लोकांना ते फार आवडलं.

फळी झाली. मग मे महिन्यात जुनं सुकाणूचं सामान काढायचं होतं, कारण प्लेट लावली की इंजिन बोटीपासून दहा इंच मागे जातं आणि जुना दांडा तिथवर पोचत नाही. ते काम मी एकट्यानं केलं. त्या दिवशी एक गोष्ट घडली. ती मी आत्ता लिहीत नाही, कारण आत्ता लिहिली तर बाकीचं पत्र लिहून होणार नाही. तू एवढंच लक्षात ठेव की त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही, आणि नॅडीननं मला दोनदा विचारलं की छातीत दुखतंय का.

जूनमध्ये प्लेट चढली, इंजिन टांगलं, तेलाच्या नळ्या जोडल्या. बटणाच्या तारा मी जोडल्या. क्लोव्हिस म्हणाला होता की निळी वर, हिरवी खाली. मला वाटतं तो असंच म्हणाला होता. बोट आमच्या गॅरेजात ट्रेलरवर होती आणि इंजिनाच्या बरोबर वर नॅडीनची फळी होती, जिच्यावर तिच्या पीचच्या मुरांब्याच्या एकतीस बरण्या होत्या. मी इंजिन खाली घ्यायला 'खाली'चं बटण दाबलं. इंजिन वर गेलं. घाबरून मी 'खाली' आणखी जोरात दाबलं. (हे मी एकटाच करतो असं नाही, सगळी मनुष्यजात हेच करते.) बटण आत अडकलं. जॅक काही घाईत नव्हता, तो आपला रांगत्या मुलासारखा हळूहळू वर चालला, इंजिनाचं डोकं फळीला टेकलं, फळी तिरकी झाली, आणि बरण्या एकामागून एक, रांग न मोडता, शाळेतल्या मुलांसारख्या खाली उतरायला लागल्या. मी चार पकडल्या. सत्तावीस जमिनीवर. नॅडीन दारात उभी राहून बघत होती, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते भजन नव्हतं.

ड्वाइट हसला. ताई, एकोणीस वर्षांत मी त्या माणसाला हसताना पाहिलं नव्हतं. आधी खुदखुदला, मग बादलीवर मागे-पुढे झुलायला लागला, मग श्वास अडकला, ओठ निळे झाले, नॅडीन हातातला झाडू टाकून धावली, मी नळकांड्याचा कॉक उलटा फिरवला (त्यावर बाण असतो, आणि मला बाण कळत नाहीत), शेवटी ॲम्ब्युलन्स आली. ते त्याला उचलून नेत असतानाही त्याचे खांदे हलत होते. दवाखान्यातून चार दिवसांनी आला तो आणखी अर्धा होऊन.

मग घाई केली. सतरा जुलैला सकाळी बोट उतारावर नेली. तिथल्या बाकावर बसणारे चार म्हातारे तुला माहीत आहेत. त्यातले दोन वारले, पण त्यांच्या जागी दुसरे दोन लगेच बसले. बोट पाण्यात सोडली तशी तिचं मागचं टोक खाली गेलं, पुढचं वर आलं, आणि मागच्या खाचेतून पाणी आत यायला लागलं. एक म्हातारा म्हणाला, "पाणी बाहेर ठेवायची पद्धत आहे, एल्डन." दुसरा म्हणाला, "असू दे रे, तो पाणबुडी करतोय." इंजिन जड, प्लेट जड, आणि दोन्ही दहा इंच मागे लटकलेली. नॅडीनला मागच्या टोकावर उभं केल्यासारखंच झालं. (हे पत्र फोनवर तिला वाचून दाखवू नकोस.) क्लोव्हिसनं शिव्या देत दोन्ही बॅटऱ्या मागून काढून पुढच्या टोकाला नेल्या, पंपानं पाणी उपसलं, आणि तरी तोल जमेना तेव्हा माझ्याकडे बोट दाखवलं, "तू पुढे बस. हलू नकोस." सदुसष्टाव्या वर्षी मला वजन म्हणून नोकरी लागली.

ड्वाइटला आम्ही तिघांनी उचलून सुकाणूच्या चाकामागे बसवलं. नळकांडं त्याच्या पायांमध्ये पट्ट्यानं बांधलं. माणूस पडला की इंजिन बंद करणारी दोरी त्यानं स्वतः मनगटाला अडकवली, दोनदा ओढून पाहिली, मग माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले. एवढ्यानंच त्याला धाप लागली. आणि निघालो.

सुरुवातीला बोट घोड्यासारखी उड्या मारायला लागली, आणि मी पुढे असल्यामुळे प्रत्येक उडीचा हिशेब माझ्या मणक्यातून होत होता. त्यानं प्लेट वर घेतली. जास्त वर गेली, इंजिनाला थंड राहायला पाणी मिळेना, भोंगा केकाटायला लागला. मी ओरडलो. त्यानं ऐकलं नाही. अंगठ्यानं जरा खाली, परत जरा वर, जरा खाली. जुना माणूस रेडिओवर स्टेशन लावतो तसं. आणि मग ते लागलं. उड्या थांबल्या. बोट पाण्यावरून उचलली गेल्यासारखी सरळ पळायला लागली, आवाजसुद्धा बदलला. वेगाचा काटा अठ्ठावन्नवर होता. मी मागे वळून पाहिलं. तो हसत नव्हता, रडत नव्हता. कामावर असलेल्या माणसाचा चेहरा होता. ते बघून मला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी मला कळलं की वळण आल्यावर मी बोलणार आहे.

कड्याच्या अलीकडे त्यानं वेग कमी केला, वळण अगदी चालण्याच्या वेगानं घेतलं आणि इंजिन बंद केलं. टोपी काढली. आम्ही तसेच तरंगत होतो. खडकावर एक बगळा होता.

आता ती मे महिन्यातली गोष्ट. ताई, इथून पुढे मी विनोद करायचा प्रयत्न करणार नाही. झालाच तर सवयीचा समज.

त्या वर्षी, अपघाताच्या आठ दिवस आधी, ड्वाइटच्या बोटीला सुकाणूची नवी केबल मी बसवून दिली होती. तुला आठवत नसेल, आठवायचं कारणही नाही. सुकाणूचा दांडा इंजिनाला ज्या बोल्टनं जोडतात, त्यावर आत नायलॉनची कडी असलेला नट लागतो, म्हणजे हादऱ्यांनी तो सुटत नाही. तो नट माझ्या हातून पाण्यात पडला. चर्चमध्ये त्या दिवशी माशांची जेवणावळ होती आणि मला उशीर होत होता. मी बसच्या गॅरेजातल्या डब्यातला साधा नट लावला आणि सोमवारी बदलू म्हटलं. सोमवार आला आणि गेला. पुढच्या सोमवारपर्यंत जॅरेड गेला होता.

ड्वाइट तेव्हा पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता: चाक हातात एकदम सैल झालं. कुणी विश्वास ठेवला नाही. तू नाही, वॉर्डननं नाही. ते ऐकून मला माझा साधा नट आठवला. पण मग वॉर्डनचा अहवाल आला: सुकाणू तपासलं, दांडा जोडलेला, नट घट्ट, काहीही बिघाड नाही, चूक चालवणाऱ्याची. मी तो अहवाल शंभर वेळा वाचला. म्हणजे माझा नट सुटला नव्हता. म्हणजे मी नव्हतो. त्या कागदावर मी एकोणीस वर्षं झोपलो, ताई. अहवाल आल्यावर ड्वाइटनंही चाकाची गोष्ट सांगणं बंद केलं आणि न्यायाधीशासमोर मान खाली घालून गुन्हा कबूल केला. मला ते सोयीचं वाटलं. दर ख्रिसमसला तू माझ्या टेबलाशी बसून म्हणायचीस की त्या माणसाला वेगाची मस्ती होती, आणि मी तुला बटाटे वाढत 'हो' म्हणायचो.

मे महिन्यात मी तो दांडा काढायला गेलो. बोल्टवर नट होता. पण साधा नव्हता. नायलॉनच्या कडीचा होता, बरोबर जो लावायला हवा तो. मी लावलेला नव्हता. आणि दांड्याच्या टोकावर ओरखडे होते, निसटून इंजिनावर घासल्याचे.

एवढंच. म्हणजे माझा नट सुटून पाण्यात गेला होता, आणि वॉर्डन यायच्या आधी कुणीतरी दांडा परत जोडून त्यावर नवा नट घातला होता. बोट किनाऱ्याला आणेपर्यंत तिच्यावर जिवंत माणूस एकच होता.

हे मी त्याला त्या वळणावर सांगितलं. नीट नाही सांगता आलं, मागचं पुढे, पुढचं मागे सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मला माहीत आहे. तो नट मीच घातला. सामानाच्या डब्यात होता."

मी विचारलं, का.

श्वास घ्यायला तो थांबत थांबत बोलला, म्हणून सगळं ऐकायला वेळ लागला. "वॉर्डनची बोट दिसत होती. जॅरेडला पाण्यातून काढलं होतं, तो माझ्या मांडीवर होता. मी मागे बघितलं तर दांडा लोंबत होता, आणि मला कळलं तुझं काम ते. म्हटलं, व्हर्नाचा मुलगा गेला. मी चालवत होतो, म्हणजे मीही गेलोच, ती माझं तोंड बघणार नाही. तिला एक भाऊ आहे, तो तरी राहू दे."

मी म्हटलं, तू अकरा महिने तुरुंगात गेलास. तो म्हणाला, "जेवण वाईट नव्हतं." मग म्हणाला, "मला संत करू नकोस, एल्डन. त्या वळणावर मी पासष्टला होतो. तिथं तीसनं जायचं असतं. नट तुझा, वेग माझा. तीसला दांडा निसटला असता तर पोरगा ओला होऊन घरी आला असता."

 मी म्हटलं, मला तेव्हा सांगायचं होतंस. तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू दारू पिऊन वर्षभरात मेला असतास. तुझ्यात ती ताकद नाही." हे त्यानं चिडून नाही म्हटलं. बुटाचा नंबर सांगावा तसं म्हटलं.

मग त्यानं पाण्यात हात घातला, तसाच ठेवला. मी तोंड दुसरीकडे केलं. परत येताना त्यानं चाक मला दिलं आणि चर्चच्या चपट्या बोटीच्या वेगानं आम्ही आलो. उताराजवळ पोचलो तेव्हा तो झोपला होता. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी त्याला बघितलं आणि टोप्या काढल्या, त्यांना वाटलं गेला. तर तो डोळे न उघडता म्हणाला, "अजून नाही. बसा."

तर जॅकप्लेट का बसवली याचा खुलासा हा असा आहे. चांगली बसली. क्लोव्हिससुद्धा म्हणाला की त्यानं याहून वाईट काम पाहिलं आहे.

पत्र लांबलं. गुडघ्याला गरम तेल लावत जा. नॅडीन तुला प्रेम कळवते.

तुझा भाऊ,
एल्डन

ता. क. १. सोबत एक कागद जोडला आहे. तो मी परवा कोर्टात नोटरीसमोर सही करून दिला. त्यात नटाचं सगळं लिहिलं आहे, तारखेसकट. वकील म्हणाला, एकोणीस वर्षांनी याचा काही उपयोग नाही. मी म्हटलं, तरी शिक्का मारा. एक प्रत तुझ्यासाठी. ती आर्डिथला वाचून दाखवायला माझी हरकत नाही, उलट तेवढं कर, म्हणजे मला गावात एकेकाला सांगत फिरायला नको.

ता. क. २. तुला यातलं काही कळवणार नाही असा शब्द ड्वाइटनं त्या वळणावर माझ्याकडून घेतला होता. मी तो दिला. हे पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले, त्यातले दोन आठवडे शब्द मोडावा की नाही यात गेले आणि एक आठवडा पहिली दोन पानं विनोदी करण्यात. माफ कर म्हणून मी लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही, तो शब्द मागून घ्यायचा नसतो.

ता. क. ३. ड्वाइट आमच्याकडे आहे, शिवणाच्या खोलीत, खिडकीजवळ. पंचवीस जुलैपासून उठलेला नाही. काही खात नाही, बर्फाचे खडे चोखतो. तू येशील का? घरात माझं तोंड बघायला लागणार नाही. तू आलीस की मी शेडमध्ये जाऊन बसेन आणि तू बोलावल्याशिवाय बाहेर येणार नाही. नाही बोलावलंस तरी मी समजून घेईन. नॅडीन तुला स्टँडवर घ्यायला येईल. तुमच्याकडून इकडे येणारी बस आठवड्यातून दोनदाच सुटते, मंगळवारी आणि शुक्रवारी.

घरी येणारी नर्स म्हणते, मंगळवारची पकडा.